जुन्या वाड्यातील बिऱ्हाड : एक अभ्यास

गाव सोडून शहरात शिकायला जाणे ही आपल्या फुलसावंगीत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. उमरखेड किंवा पुसदहून रात्रीची गाडी धरली की सकाळी पुण्यात उतरता येते. नांदेडहून रेल्वेही आहे. खरा प्रश्न उतरल्यानंतरचा आहे. बहुतेक मुले आधी जातात, कोणा गाववाल्याच्या खोलीत चार दिवस पथारी टाकतात आणि मग घाईघाईने मिळेल ती जागा धरतात. मला ही मोकळीक नव्हती. बी.ए. झाल्यावर इतिहासात एम.ए. करण्यासाठी पुण्याला जाण्याचा विचार मी घरी बोलून दाखविला, तेव्हा बाबांनी एकच अट घातली : "आधी बिऱ्हाड ठरव, मंग बॅग भर."

अट रास्त होती. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत ढाणकीची एक वर्गमैत्रीण, माझा थोरला भाऊ आणि मी असे तिघे पुण्याला जाऊन आलो. जाण्यापूर्वी ग्रंथालयात बसून घरभाड्याच्या कायद्यांविषयी मिळेल ते वाचले होते. आल्यावर पाहिलेल्या नऊ खोल्यांची टिपणे लिहून काढली. त्या दोहोंतून प्रस्तुत लेख तयार झाला आहे. पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना तो उपयोगी पडावा; नागपूर-मुंबईकडे जाणाऱ्यांनाही यातील काही भाग लागू पडेल.

पुण्यात विद्यार्थ्यांसाठी सर्वांत सोपी सोय म्हणजे कॉट बेसिस. एका खोलीत चार-पाच लोखंडी खाटा, आणि आपण भाडे द्यायचे ते खाटेचे. मला ती नको होती. आमचे घर मातीच्या भिंतींचे, पुढे सपरी, मागे न्हाणी. सपरीत बसले की रस्त्याने जाणारा-येणारा विचारपूस करतो, आणि घरात कोणी आजारी पडले तर शेजाऱ्याला सांगावे लागत नाही. दोन वर्षे काढायची तर अशाच बाजाच्या घरात काढावीत, असे मनात होते. पेठांतील जुने वाडे मी चित्रांतून पाहिले होते. मधला चौक, भोवती ओसरी, लाकडी खांब, आणि चौकात आल्याशिवाय कोणालाच आपल्या खोलीत शिरता येणार नाही अशी रचना. मुलीला एकटे पाठविणाऱ्या घराच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट मोलाची आहे. शिवाय सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, ते १९१० साली स्थापन झाले. नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे, ते १९११ चे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला या दोन्ही ठिकाणी पायी जाता येणे म्हणजे बसभाड्याची बचतच.

परंतु 'जुने घर स्वस्त असते' ही जी सर्वसाधारण समजूत आहे, ती तपासून घेतली पाहिजे. माझ्या मते ही स्वस्ताई दोन वेगवेगळ्या कारणांनी आलेली असते. पहिली कायद्याने आलेली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपासून राहणारा भाडेकरू नाममात्र भाडे देतो, कारण कायद्याने ते भाडे बांधून ठेवले. दुसरी वयाने आलेली. घर थकले आहे, आज ना उद्या पडणार किंवा पाडले जाणार, म्हणून भाडे कमी. बाहेरगावाहून आज येणाऱ्याला पहिल्या स्वस्ताईचा लाभ मिळत नाही. त्याच्या वाट्याला येते ती दुसरी. ज्याला कोणी आपल्याला पहिली स्वस्ताई देऊ करीत आहे असे वाटेल, त्याने तेथेच थांबून दोन प्रश्न अधिक विचारावेत. हे कसे, ते समजण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

पुण्याची कसबा पेठ सर्वांत जुनी. पेशवाईत तिच्याभोवती बाकीच्या पेठा वाढल्या. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली आणि वास्तुशांत १७३२ साली. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी मजले जळाले आणि दगडी तट तेवढा उरला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा १८०७ चा. हे मोठ्यांचे वाडे झाले. सामान्य गृहस्थाचा वाडाही त्याच पद्धतीचा, फक्त आकाराने लहान. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि वर कडीपाट. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात. खोली किती मोठी हे अजूनही जुनी माणसे चौरस फुटांत न सांगता दोन खणी, तीन खणी असे सांगतात. खालच्या भिंती दगडविटांच्या, वरच्या पुष्कळदा मातीच्या. इमारतीचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असतो, भिंत ही त्यात भरलेली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे घर पारखताना तिचाच उपयोग होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे हे शिक्षणाचे गाव झाले. बाहेरगावची मुले वाड्यांत खोल्या घेऊन राहू लागली. गरीब मुले वार लावून जेवत. या आठवणी मराठी आत्मचरित्रांत वाचताना बरे वाटते, पण वाड्याचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हेही त्याबरोबर लिहिले पाहिजे. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, ती याच शहरात आणि अशाच एका वाड्यात. त्या वाड्यात पुढे दुकाने झाली, जागेचा वाद अनेक वर्षे न्यायालयात चालला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती जीर्ण इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आली. मी पुण्याला गेले तेव्हा ती जागा पाहण्याची इच्छा होती. पाहण्यासारखे आता तेथे जुने काही नाही.

आता कायदा. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८ साली भाड्यावर पहिला निर्बंध आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरविले. युद्धातून बाहेर पडलेल्या, फाळणीने हादरलेल्या देशात हा निर्णय योग्यच होता. पण तो तात्पुरता म्हणून आला आणि अर्धे शतक टिकला. दहा रुपयांची खोली दहाचीच राहिली. कौले, चुना, सुताराची मजुरी मात्र शंभरपट वाढली. मालकाने दुरुस्ती थांबविली. भाडेकरूने जागा सोडली नाही, कारण तेवढ्या भाड्यात दुसरी कोठे मिळणार? त्याच्यामागे त्याच्या घरच्यांकडे हक्क आला. असे वाडे ना दुरुस्त झाले ना रिकामे झाले. मालक निर्दय आणि भाडेकरू बिचारा, किंवा याच्या उलट, अशी सोपी वाटणी मला कोठे दिसली नाही.

आपल्या भागाचा येथे एक मजेदार संबंध आहे. विदर्भ तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, म्हणून आपल्याकडे १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. पैनगंगेच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यात, हैदराबाद राज्याचा १९५४ चा वेगळा कायदा. म्हणजे नदी ओलांडली की भाडेकरूचे हक्क बदलत. हे तिन्ही कायदे मोडीत काढून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून संपूर्ण राज्यात सुरू झाला. त्यापूर्वी, डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गोठवलेल्या भाड्यांच्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत असा निर्णय दिला होता. नव्या कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण ठेवले, पण वर्षाला ४ टक्के वाढ मालकाला देऊ केली.

याच इतिहासात आणखी एक तारीख महत्त्वाची आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक 'लीव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे नुसत्या परवानगीने, घरात राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू मानले. एका रात्रीत परवानगीचे हक्कात रूपांतर झाले. त्याची धास्ती मालकांच्या मनातून अजूनही गेलेली नाही, असे मला पेठांत फिरताना जाणवले. दोन खोल्या कुलूपबंद असूनही "आम्हांला कोणी ठेवायचे नाही" असे सांगणारे मालक आम्हांला भेटले. १९९९ च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमाने ही भीती बरीच दूर केली आहे. परवान्याची मुदत संपली की जागा सोडलीच पाहिजे, न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. हे कलम आपल्याला कठोर वाटते खरे. पण त्याच्यामुळेच काही कुलपे निघाली आणि आपल्यासारख्यांना वाड्यात पाऊल टाकता आले, हे नाकारता येणार नाही.

मुंबईविषयी थोडक्यात सांगते. तेथे जुन्या बाजाचे परवडणारे घर म्हणजे चाळ. बी.डी.डी. चाळी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे उभारलेल्या चाळी, यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्यांचा पुनर्विकास आता चालू आहे. खाजगी चाळींत पागडीची पद्धत आहे. पागडीची रक्कम आपल्या आवाक्यातली नाही. एका बाबतीत मात्र मुंबईकर सुखी. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी तेथे १९६९ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ निर्माण झाले. पुण्याच्या वाड्यांना असे मंडळ नाही. आणि मंडळ असूनही ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसेनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेलीच.

तेव्हा वयाने आलेल्या स्वस्ताईची किंमत जीवाची असू शकते. ती पारखायची कशी? याचे शिक्षण मला पुस्तकातून मिळाले नाही. माझे एक चुलतकाका गवंडीकाम करतात. गावातील मातीची घरे बांधण्यात आणि पडलेली उभी करण्यात त्यांचे आयुष्य गेले. पुणे त्यांनी पाहिलेले नाही. पण वाड्याचे वर्णन ऐकून ते म्हणाले, "घर तेच आहे बाई, उंची जास्त." आणि त्यांनी मला काय पाहायचे ते आमच्याच सपरीत उभे राहून दाखविले.

पहिली गोष्ट खांबाचा पाय. पाणी खालूनच चढते आणि वाळवीही खालूनच. खांब तळखड्यावर टेकतो तेथे किल्ली किंवा खिळा दाबून पाहायचा. सागवान खिळा घेत नाही, कुजलेले घेते. मग बोटाच्या पेराने खांबावर वाजवायचे. निरोगी लाकूड टणक बोलते, पोखरलेले भद्द बोलते. दुसरी गोष्ट तुळईचे टोक. तुळई मधे क्वचित मोडते. ती भिंतीत जेथे शिरते तेथे कुजते, कारण भिंतीची ओल तेथे साठते. त्या ठिकाणी रंगाचा पोपडा किंवा पाण्याचा तपकिरी डाग असेल तर वर काय आहे ते विचारायचे. बहुधा वर मोरी निघते. मातीच्या भिंतीचे शत्रू दोनच, पाणी आणि सिमेंट, असे काका म्हणतात. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून खिळखिळी होते आणि वरून नवीकोरी दिसते. म्हणून जुन्या घरात एकच भिंत ताज्या गिलाव्याची दिसली तर आनंद न मानता संशय घ्यावा.

पाण्याचे म्हणणे किती खरे, ते पुण्याने एकदा अनुभवले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मातीच्या भिंती त्या पाण्यात विरघळल्या. अनेक वाडे बसले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती नंतर उभ्या राहिल्या, आणि पुणे नदीपलीकडे वाढण्यास त्यामुळे वेग आला. त्या पुरातून वाचलेले वाडे आज पाहायला मिळतात. त्यांनी एकदा पाणी प्यायलेले आहे हे विसरू नये.

काकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला तेथे गेल्यावर कळली. पेठांत दोन वाड्यांची भिंत पुष्कळदा सामाईक असते. शेजारचा वाडा पाडून तेथे तळघरासाठी खोल खड्डा खणला की या बाजूच्या भिंतीचा आधार जातो. म्हणून खोली पाहण्याआधी दोन्ही बाजूंच्या जागा पाहाव्यात. पत्रे ठोकलेले असतील तर आत डोकवावे. शेवटची चौकशी महापालिकेची. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. वर्गवारी अशी की सी-१ म्हणजे तातडीने रिकामे करून पाडावयाचे, सी-२ म्हणजे मोठ्या दुरुस्तीचे आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीचे. वाड्याला नोटीस आहे काय, हे मालकाला सरळ विचारावे आणि शेजारच्या दुकानदारालाही विचारावे. दोन उत्तरे वेगळी आली तर दुकानदाराचे खरे धरावे, असा माझा अनुभव आहे.

पाहिलेल्या नऊ खोल्यांपैकी तिघींचीच हकीकत सांगण्यासारखी आहे. दोन ठिकाणी आडनाव विचारले गेले आणि ते सांगताच खोली 'कालच गेली' होती. एका ठिकाणी मुली नकोत, दुसऱ्या ठिकाणी मुली चालतील पण स्वयंपाक नको. बाकीच्या अंधाऱ्या होत्या किंवा भाड्याने अवाक्याबाहेरच्या. यांवर अधिक लिहिणे नको.

पहिली हकीकत साडेतीन हजारांच्या खोलीची. दोन खणी, माडीवर, खिडकीतून चौक दिसे. दाखविणारे गृहस्थ अतिशय सौजन्याने वागले, चहाही दिला. पावती मागितली तेव्हा म्हणाले, पावती कशाला, घरच्यासारखे राहा. माझ्या भावाने सहज विचारले, वाड्याचे मालक कोठे असतात? तेव्हा उलगडा झाला. ते स्वतः जुने भाडेकरू होते आणि आपल्याकडची एक खोली परस्पर देत होते. म्हणजे आम्हांला देऊ केलेली स्वस्ताई पहिल्या प्रकारची, दुसऱ्याच्या हक्काची. १९९९ च्या कायद्याप्रमाणे, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. ठेवल्यास मालक त्यालाच जागेबाहेर काढू शकतो. मग पोटभाडेकरूने दाद कोणाकडे मागावी? त्या गृहस्थांची गरज असेलही. आम्ही चहाबद्दल आभार मानून निघालो.

दुसरी खोली पाहून मात्र माझा पाय निघेना. कोरीव तुळया, भिंतीत ओळीने देवळ्या, खाली दगडी हौद. भाडे पाच हजार, आणि मालक स्वतः समोर. खांब टणक बोलले. पण जिन्याखाली दोन लोखंडी टेकू होते आणि मागच्या जागेत यंत्राने खणण्याचे काम चालू होते. मालक म्हणाले, गेली पन्नास वर्षे असाच उभा आहे. मैत्रीण म्हणाली, पन्नास वर्षे मागे खड्डा नव्हता. मला तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, पारव्यात जन्मलेल्या महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' आठवले. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात गावाकडचा वाडा ढासळतो आहे आणि मुंबईला गेलेला मुलगा पाहुण्यासारखा परत येतो. मी उलट दिशेने निघाले होते आणि मला समोर ढासळता वाडाच दिसत होता. नाटकात त्याचे दुःख सुंदर वाटते. राहायचे म्हटल्यावर नाही.

तिसरी खोली कसबा पेठेत मिळाली. तळमजल्यावर, तीन खणी, मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, स्वतः त्याच वाड्यात राहणाऱ्या. त्यांना आम्ही पहिल्या दिवसापासून आजी म्हणू लागलो. भाडे सात हजार, अनामत तीन महिन्यांचे म्हणजे एकवीस हजार. शौचालय सामाईक, पाणी सकाळी ठराविक वेळ, विजेचा उपमीटर वेगळा. वाड्याला सी-३ ची नोटीस येऊन गेली होती. आजींनी ती न विचारता दाखविली आणि त्याप्रमाणे केलेल्या दुरुस्तीचे बिलही. मागे खड्डा नाही, दोन्ही बाजूंना राहते वाडे.

आता हिशेब. आम्ही दोघी, म्हणजे प्रत्येकी महिना साडेतीन हजार, वर्षाला ४२ हजार. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. त्याच धर्तीवर इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी पुढे सावित्रीबाई फुले आधार योजना आली. या योजनांत पुण्या-मुंबईसारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार धरले आहेत. त्यांतील निवासाचा भाग २० हजारांचा, म्हणजे महिन्याला सोळाशे सहासष्ट रुपये. तेवढ्यात पुण्यात खोली तर राहोच, निम्मी खोलीही येत नाही, हे धोरण ठरविणाऱ्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. अनामत रकमेचा हिशेब बाबांनी आपल्या पद्धतीने केला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. माझ्या वाट्याचे साडेदहा हजार म्हणजे सव्वा क्विंटलाहून थोडा जास्त कापूस. हमीभाव हाती पडला तर.

करारासंबंधी काही गोष्टी सर्वांनीच जाणून घ्याव्यात. अकरा महिन्यांचाच करार करावा लागतो हा गैरसमज आहे. परवान्याचे करार साठ महिन्यांपर्यंतचे होतात. एम.ए. दोन वर्षांचे, म्हणून आम्ही बावीस महिन्यांचा मागितला. मुदत कितीही असो, १९९९ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यास जागा कोणत्या अटींवर दिली होती याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. तरी 'शंभराच्या कागदावर करू, नोंदणीचा खर्च कशाला' असे पुष्कळ जण म्हणतात. खर्च किती आहे? मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामत रकमेवरचे धरलेले व्याज यांच्या शेकडा पंचवीस पैसे. बावीस महिन्यांचे १,५४,००० आणि व्याज सुमारे ३,८५० धरले तर शुल्क चारशेच्या आत येते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. दोघींनी वाटून घेतले तर हा खर्च एका सणाच्या साडीएवढाही होत नाही. नोंदणी आता ऑनलाइन होते. अंगठा आणि छायाचित्र घेण्यापुरते समक्ष हजर राहावे लागते. दलाल मधे असेल तर तो साधारण एका महिन्याचे भाडे घेतो. आम्ही पाट्या वाचत पायीच फिरलो, म्हणून तो खर्च वाचला. मालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावयाची असते, तीही दिली गेली की नाही ते पाहावे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेतली पाहिजे. घर सुस्थितीत ठेवण्याची मालकाची जबाबदारी, पाणी-वीज तोडण्यास मनाई, पुनर्बांधणीत जागा मिळण्याचा दावा, हे सर्व भाडेकरूचे आहे. आपण परवानाधारक असतो. आपल्याला जे हवे ते करारातच लिहून घ्यावे लागते. लिहिले नसेल तर ते नाही असे समजावे. वाडा उद्या धोकादायक ठरला तर जुन्या भाडेकरूचा हक्क काही ना काही रूपात उभा राहतो, आपली मात्र वळकटी तेवढी उचलायची राहते. म्हणून आम्ही दोन कलमे मागितली. महापालिकेची रिकामे करण्याची नोटीस आली तर अनामत रक्कम आठ दिवसांत परत मिळावी आणि उरलेल्या मुदतीचे भाडे मागितले जाऊ नये. आणि मृगापूर्वी दरवर्षी कौले चाळून द्यावीत.

दुसरे कलम आजींनी तत्काळ मान्य केले. पहिल्यावर त्या दोन दिवस विचार करीत होत्या. पुण्याहून निघताना त्यांनी होकार दिला, पण आपल्या हाताने एक ओळ वाढविली : माळ्यावरची त्यांची पितळी भांडी त्या हलविणार नाहीत, आणि आम्ही ती वापरायची नाहीत. मसुदा तयार आहे. नोंदणी जूनमध्ये होईल. त्याची एक प्रत, नावे-पत्ते खोडून, मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवली आहे. ज्यांना पुढील वर्षी बाहेर जावयाचे आहे त्यांनी ती पाहावी, आणि काकांकडे खांब वाजवायला शिकायचे असेल तर रविवारी सकाळी यावे. इतर दिवशी ते कामावर असतात.